चार दिवसांची चटणी

"काकू, ही चटणी किती दिवस टिकते?"

माझ्या स्वयंपाकाच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. वाटीत हिरवीगार कोथिंबिरीची चटणी असते, मिक्सरच्या भांड्याला अजून लिंबाचा वास असतो आणि समोरची मुलगी वही उघडून बसलेली असते. मी सांगते, "फ्रिजमध्ये ठेवलीस तर चार दिवस." ती मान वर करते. "फक्त चार?"

त्या 'फक्त'मधून हे पुस्तक झालं. तिचं आश्चर्य मला समजतं. तिच्या घरच्या फ्रिजच्या दारात चार-पाच बाटल्या उभ्या असतात आणि प्रत्येकीवर महिन्यांचा हिशोब छापलेला असतो. वर्षभर टिकणाऱ्या वस्तूंशेजारी चार दिवसांची चटणी कमकुवत वाटते. पण वर्गात शिकवता शिकवता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. बाटलीत जे काही आपल्याला अनोळखी वाटतं, त्यातलं बरंचसं चवीसाठी घातलेलं नसतं. कारखान्यातून गोदामात, गोदामातून दुकानाच्या फळीवर आणि तिथून आपल्या घरी येईपर्यंतचा प्रवास सोसण्यासाठी ते असतं. आपली चटणी ओट्यावरून ताटात जाते. एवढ्या प्रवासाला शिदोरी लागत नाही. टिकण्याची अट काढून टाकली की पदार्थ किती साधा होतो आणि त्याची चव किती मोकळी होते, हेच या पुस्तकातून दाखवायचं आहे.

पुस्तकाचा विषय दोन भागांत आहे. पहिला भाग वरून लावायच्या गोष्टींचा: मासळीला लागणारा रवा आणि तांदळाचं पीठ, कटलेटवरचा पावाचा चुरा, भजी-वड्यांचं भिजवलेलं बेसन, उपासाच्या कचोरीवरचं शिंगाड्याचं पीठ. दुसरा भाग तोंडी लावायच्या गोष्टींचा: चटण्या, ठेचे, टोमॅटो सॉस, शेजवान, मेयोनीज. आपल्या पानात या दुसऱ्या भागाची जागा ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. डावीकडचं सगळं बोटाच्या पेराएवढं वाढतात, पण जेवणाला चव आणतं तेच. गेल्या काही वर्षांत तळणीच्या आवरणाची जागा तयार पिठाच्या पुडीनं घेतली आणि पानाच्या डाव्या बाजूची बाटलीनं. दोन्ही ठिकाणी आपण चव विकत घेतली आणि ती कशी घडते ते मात्र विसरत गेलो.

म्हणून वर्गाच्या पहिल्या दिवशी मी काहीच शिजवत नाही. सगळ्यांना घरून एकेक रिकामी बाटली किंवा पुडी आणायला सांगते आणि आम्ही घटकांची यादी मोठ्यानं वाचतो. आपल्याकडच्या नियमानुसार ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते. जे सगळ्यात जास्त ते पहिलं. टोमॅटोच्या सॉसमध्ये साखर यादीत कितव्या जागी आहे, लसणाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या सॉसमध्ये लसूण कितव्या जागी आहे, हे एकदा पाहिलं की बोलणं आपोआप सुरू होतं. मग येतात आकडे. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट. दोन्ही बुरशी आणि यीस्ट रोखतात. २६० म्हणजे अॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचा आंबटपणा. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. ४१५ म्हणजे झँथन गम आणि १४२२ म्हणजे प्रक्रिया केलेला स्टार्च. सॉसला पाणी सुटू नये म्हणून. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, चव खुलवण्यासाठी.

हे आकडे मी कुणाला घाबरवण्यासाठी वाचून दाखवत नाही. ठरलेल्या मर्यादेत ते वापरायला सरकारमान्यता आहे. प्रत्येक आकडा एक काम करतो, एवढंच मला शिकवायचं असतं. काम ओळखलं की पुढचा प्रश्न सुचतो: हेच काम आपल्या घरात कोण करतं? सँडविचवाल्याची हिरवी चटणी पावाला लागून राहते, पाणी सोडत नाही. तो तिच्यात मूठभर डाळं किंवा पावाचा तुकडा वाटतो. म्हणजे ४१५चं काम डाळ्यानं केलं. दाण्याच्या चटणीत ते काम दाण्याचा कूट करतो, नारळाच्या चटणीत खोबऱ्याचा चव. आंबटपणाला आपल्याकडे चिंच, कोकम, कैरी, लिंबू, दही अशी रांगच आहे. चव खुलवायला भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, सुका जवळा आहे. राहता राहिलं २११, वर्षभर टिकवण्याचं काम. ते चार दिवसांच्या चटणीला लागतच नाही.

आता वरून लावायच्या पिठाकडे येते. हा भाग मी एका बोंबलापासून शिकले, म्हणून तो जवळून दाखवते.

अलिबागकडच्या एका घरात मी ओल्या बोंबलांची तयारी पाहिली. बोंबील म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. हातात धरला तरी लोंबतो. त्या घरातल्या आजींनी एकेक बोंबील पोटाकडून उभा चिरून पुस्तकासारखा उघडला, मधला काटा काढला, मीठ लावलं. मग जुन्या धुवट धोतराच्या घडीत ते ओळीनं मांडले, वरून दुसरी घडी टाकली, त्यावर पोळपाट आणि पोळपाटावर वरवंटा. अर्ध्या तासानं घडी उचलली तर कापड चिंब आणि बोंबील कागदासारखे सपाट झालेले. मग हळद, तिखट, आलं-लसणाचं वाटण आणि कोकमाचं आगळ. ताटात दोन भाग बारीक रवा, एक भाग तांदळाचं पीठ, चिमूट मीठ. बोंबील दोन्ही बाजूंनी त्यात दाबून घेतले आणि आजी उठून दुसऱ्या कामाला लागल्या. मला वाटलं, विसरल्या. दहा मिनिटांनी परत आल्या तेव्हा कोरडं दिसणारं पीठ ओलसर होऊन मासळीला चिकटून बसलं होतं. तवा तापला, तेल पसरलं, बोंबील ठेवले. "कड तांबूस होईस्तोवर हात लावायचा नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

या कृतीत पिठाच्या आवरणाचं सगळं शास्त्र आहे. तव्यावर पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडताना आवरणाला आतून ढकलते. पाणी जास्त असेल तर पीठ सुटतं. म्हणून आधी वरवंटा. मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं. म्हणून मीठ वजनाआधी. तांदळाच्या पिठात ग्लूटेन नसतं, त्यामुळे त्याचं कवच चिवट न होता ठिसूळ होतं. रव्याचे कण उभे राहतात, त्यांची टोकं आधी तांबूस होतात आणि दाताखाली कुरकुरतात. त्यांच्यामधल्या फटी तांदळाचं पीठ भरतं. दहा मिनिटं थांबल्यामुळे पीठ मासळीचाच ओलावा पिऊन चिकटतं. आणि कवच वाळून घट्ट होण्याआधी उलथनं घातलं तर ते तव्यालाच राहतं. पुडीतल्या तयार पिठात मैदा, स्टार्च, मीठ, मसाला असं बरंच काही असतं, पण बोंबलावर वरवंटा ठेवायला पुडी येत नाही. पिठापेक्षा आधीची अर्ध्या तासाची तयारी महत्त्वाची आहे, हे एकदा कळलं की रवा आणि तांदूळ पुरतात.

हेच तत्त्व पुढच्या प्रकरणांत वेगवेगळ्या रूपांत भेटेल. कटलेटला तीन थर लागतात: आधी कोरडं पीठ, मग फेटलेलं अंडं किंवा मैद्याची पातळ पेज, शेवटी चुरा. कोरडं पीठ ओल टिपतं, मधला थर गोंदाचं काम करतो, चुरा कुरकुरीत होतो. पारशी घरांत क्रम उलटा: कटलेट आधी चुऱ्यात घोळवतात, मग अंड्यात बुडवून थेट तेलात सोडतात. अंडं तेलात पसरून कटलेटच्या कडेला जाळीदार झालर तयार होते. साहित्य तेच, फक्त क्रम बदलला आणि पदार्थाचं रूपच बदललं. चुऱ्यासाठी पाकीट आणायची गरज नाही. शिळे पाव हातानं कुस्करून ताटात पसरा, दिवसभर वाळू द्या, मंद आचेवर कढईत कोरडे परता, गार झाल्यावर मिक्सरमधून एकदोनदाच फिरवा. भरड चुरा वर, बारीक चुरा आत, असा चाळून वेगळा ठेवा. पाव नसेल तर भाजलेल्या पोह्यांचा चुरा कटलेटला उत्तम लागतो. उपासाच्या दिवशी वरईचं किंवा शिंगाड्याचं पीठ हेच काम करतं. कितीतरी घरांत ते आजही होतं, फक्त त्याला कुणी 'कोटिंग' म्हणत नाही.

भिजवलेल्या पिठाबद्दल एकच गोष्ट इथे सांगते. बटाटेवड्याच्या बेसनात आपण कडकडीत तेलाचं मोहन घालतो. पिठाच्या कणांना तेल लागलं की ते एकमेकांना घट्ट धरत नाहीत आणि कवच खुसखुशीत होतं. त्यात चमचाभर तांदळाचं पीठ घातलं की कुरकुरीतपणा जास्त वेळ टिकतो. आणि वडे तळताना कढईत पिठाचे जे थेंब पडतात, तो चुरा फेकायचा नसतो. गाडीवरच्या सुक्या लसणीच्या चटणीला जो खमंग भरीवपणा असतो, तो कित्येकदा त्या चुऱ्याचा असतो. लसूण, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ आणि मूठभर चुरा. आवरणाचं उरलेलं थेट चटणीत जातं. या पुस्तकाचे दोन भाग त्या एका वाटीत एकत्र येतात.

दुसऱ्या भागातला सगळ्यात मोठा पाहुणा म्हणजे टोमॅटो सॉस. त्याचा इतिहास मुद्दाम सांगते, कारण त्यातही मुदतीचीच गोष्ट आहे. 'केचप' हा शब्द दक्षिण चीनमधल्या होक्कियन भाषेतून आल्याचं मानलं जातं आणि मुळात तो आंबवलेल्या मासळीच्या खारट रसाचा होता. इंग्रज व्यापाऱ्यांनी तो आपल्या देशात नेला, पण त्यांची केचप अळंब्यांची आणि अक्रोडाची असत. टोमॅटोच्या केचपची छापील कृती अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझ यांनी १८१२ साली दिली. पुढे कारखाने निघाले, बाटल्या दूरवर जाऊ लागल्या आणि त्या खराब होऊ नयेत म्हणून त्यांत बेंझोएट पडू लागलं. त्यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला. १९०६ साली तिथे अन्नशुद्धतेचा कायदा आला. १८७६ पासून केचप विकणाऱ्या हाइन्झ कंपनीनं त्या काळात बेंझोएटशिवाय केचप टिकवून दाखवलं. त्यासाठी पिकलेले टोमॅटो घेतले आणि व्हिनेगर व साखर वाढवली. केचप एवढं गोड का लागतं, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. साखर तिथे चवीइतकीच टिकण्यासाठीही आहे. बाजारातल्या केचपमध्ये साधारण पाचवा हिस्सा साखर असते, म्हणजे मोठ्या चमच्यात जवळजवळ चहाचा एक चमचा.

घरी आपण ही साखर कमी करू शकतो, पण मग मुदतही कमी धरायला हवी. हे मी चुकून शिकले. पहिल्यांदा सॉस केला तेव्हा साखर कमी घातली, आंबट नको म्हणून व्हिनेगर जेमतेम घातलं, बाटली धुऊन फडक्यानं पुसली, सॉस गार झाल्यावर भरला आणि ओट्यावर ठेवला. बाराव्या दिवशी झाकण फिरवलं तर फस्स आवाज झाला, वर बुडबुडे आले आणि आंबूस वास पसरला. दोन किलो टोमॅटोंची मेहनत मोरीत ओतली. त्या दिवशी वाईट फार वाटलं, पण साखर आणि आम्ल सॉसमध्ये नेमकं कोणतं काम करतात ते त्यानंतर मी कधी विसरले नाही.

आता मी असा करते. टोमॅटोंचा हंगाम आणि भाव पाहून घ्यायचे. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत आवक वाढते तेव्हा शहरातही ते स्वस्त होतात, आणि शेतकऱ्याला भाव मिळत नसताना आपल्या घरचे चार किलो का होईना उचलले जातात. दोन किलो लालबुंद, घट्ट टोमॅटो चिरून झाकण न ठेवता शिजवायचे आणि चाळणीतून गाळायचे. त्या गरात कांदा, लसूण, आलं, दालचिनी, लवंग, मिरीची पुरचुंडी सोडून आटवायचा. टोमॅटोत पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे घाई चालत नाही. थेंब ताटलीत टाकून पाहायचा: भोवती पाण्याचं कडं दिसलं तर अजून आटवायचा. कडं दिसेनासं झालं की पुरचुंडी पिळून काढायची, मीठ, तिखट, अर्धी वाटी साखर घालायची आणि शेवटी पाव वाटी व्हिनेगर. उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत गरम असतानाच भरायचा, गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचा, तीन आठवड्यांत संपवायचा. कॉर्नफ्लोअर लागत नाही. टोमॅटोतलं पेक्टिन आणि आपला धीर दाटपणासाठी पुरतात.

शेजवानच्या प्रकरणात मला जास्त आनंद झाला. आपण ज्याला शेजवान म्हणतो ती चटणी भारतातल्या चिनी खाण्याची देणगी आहे. याच परंपरेतलं चिकन मंचुरियन नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात पहिल्यांदा केलं. चीनच्या सिचुआन प्रांताची खूण म्हणजे तिथली जिभेला झिणझिण्या आणणारी मिरी. ती आपल्या बाटलीतल्या शेजवानमध्ये सहसा नसतेच. पण तिची सख्खी चुलत बहीण कोकणात आणि गोव्यात घरोघर आहे: तिरफळ. दोघी एकाच वनस्पतीकुळातल्या, एकाच प्रजातीगटातल्या. बांगड्याच्या कालवणात आपण ती ठेचून घालतो. म्हणून या पुस्तकातल्या शेजवानमध्ये भिजवलेल्या ब्याडगी मिरचीचं वाटण, भरपूर लसूण, आलं, थोडं व्हिनेगर आणि दोन-तीन तिरफळांच्या सालींची पूड आहे. काळी बी काढून टाकायची. ब्याडगी रंग देते आणि तिखट बेताचं ठेवते, त्यामुळे रंगाची गरज पडत नाही. पहिला घास घेतल्यावर जिभेवर जी बारीक थरथर येते, ती कुठल्याही बाटलीतून मला कधी मिळाली नाही.

गोव्यानं आवरण आणि सॉस यांचं नातं फार सुंदर जुळवलं आहे. रेशाद मसाल्याचं नाव पोर्तुगीज भाषेतल्या 'भरलेला' या अर्थाच्या शब्दावरून आलं. लाल मिरच्या, लसूण, मिरी, जिरं माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये वाटतात, बांगड्याच्या पोटात भरतात, बाहेरूनही लावतात, मग वर रवा. तेच वाटण फ्रिजमध्ये ठेवलं की कोळंबीला, बटाट्याला, भाताला चालतं. व्हिनेगर आणि मिठामुळे ते हिरव्या चटणीपेक्षा जास्त टिकतं. इथे टिकण्याचं कामही चव देणारी वस्तूच करते. व्हिनेगर घेताना बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलंय का ते पाहा. ते अॅसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेलं असतं. सुरेच्या व्हिनेगरची मऊ, किंचित फळाळ चव त्याला येत नाही.

मेयोनीजबद्दल मात्र काळजीचे दोन शब्द. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. अंड्याचा बलक त्यांना धरून ठेवतो. पण कच्च्या अंड्यातून साल्मोनेलासारखे जंतू येऊ शकतात. तेलंगणा सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तामिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभरासाठी बंदी घातली, ती याच धोक्यामुळे. म्हणून या पुस्तकात कच्च्या अंड्याची कृती दिलेली नाही. अंड्याचं काम आपल्याकडे मोहरी करते. कोशिंबिरीसाठी मोहरी फेसतात ती आठवा: पाण्याबरोबर घोटली की पांढुरकी, दाट, नाकात जाणारी होते. मोहरीच्या सालीतला चिकट अंश तेल आणि पाणी एकत्र धरतो. दह्याचा चक्का, फेसलेली मोहरी, थेंब थेंब तेल, मीठ, लिंबू. हे मिश्रण पावाला लावा किंवा गाजर-काकडीबरोबर घ्या, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

वाटण्याच्या साधनांबद्दलही एक प्रकरण आहे. मिक्सरचं पातं कापतं, खलबत्ता चिरडतो. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी कुटली की दाण्याचं तेल सुटून ती मुठीत वळते; मिक्सरमध्ये तीच कोरडी भुकटी होते. कोल्हापूरचा खर्डा आणि वऱ्हाडातला ठेचा यांच्या मिरच्या आधी तव्यावर भाजून मगच ठेचायच्या असतात, जाडसर, तोंडात बी लागेल अशा. खलबत्ता नसेल तर मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. हिरवी चटणी वाटताना बर्फाचं पाणी घाला, म्हणजे पात्याच्या उष्णतेनं रंग जात नाही.

घरचं म्हणजे आपोआप पथ्याचं, असा समज करून घेऊ नका. तळलेलं ते तळलेलंच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. ठेचा घरी केला म्हणून त्यातलं मीठ मोजणीतून सुटत नाही. घरच्या पदार्थात फरक एवढाच की मीठ किती पडलं ते आपल्याला ठाऊक असतं आणि कमी करणं आपल्या हातात असतं. एक इशारा ठळक अक्षरांत मानावा: तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि बोट्युलिझमचा जीवघेणा जंतू नेमका अशाच जागी वाढतो. वास किंवा चव बदलेलच असं नाही. असा लसूण थोडा करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

आणखी एक गोष्ट मनापासून. पुडी आणि बाटली आपल्या घरांत शिरली ती आळसामुळे नव्हे. पहाटे उठून डबे भरणाऱ्या, लोकल पकडणाऱ्या, संध्याकाळी परत चुलीशी उभ्या राहणाऱ्या बायकांचा वेळ त्यांनी वाचवला. ती सोय हिसकावून पुन्हा बाईच्याच गळ्यात काम घालायला हे पुस्तक लिहिलेलं नाही. प्रत्येक कृतीवर लागणारा वेळ दिला आहे आणि त्यात हाताचं काम किती, नुसतं थांबणं किती, हे वेगळं लिहिलं आहे. सॉस आटायला तास लागतो, पण हाताचं काम वीस मिनिटांचं. चुरा वाळवणं, लसूण सोलणं, खलबत्ता चालवणं ही घरातल्या कुणाचीही कामं आहेत. माझ्या वर्गात येणारे एक निवृत्त काका आता घरची दाण्याची चटणी दर रविवारी कुटतात, आणि त्यांच्या नातवाला त्या आवाजानंच रविवार कळतो. हे जमत नसेल तेव्हा बचत गटाच्या बायकांनी केलेली चटणी घ्या. ती विकतची असली तरी कुणाच्या तरी ओट्यावरून आलेली असते.

मापं वाटी-चमच्याची आहेत. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं याच मापांनी कितीतरी नवख्या मुलींना स्वयंपाक शिकवला. तो रस्ता सोडायचं कारण मला दिसलं नाही. परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी कोकमाच्या जागी चिंच आणि तिरफळाच्या जागी सिचुआन मिरी चालेल. वर सांगितलेलं नातं इथे उपयोगी पडतं. ज्या घरांनी मला आपल्या ओट्याशी उभं राहू दिलं त्यांनी, अलिबागच्या त्या आजींनी आणि वर्गातल्या मुलामुलींनी विचारलेल्या प्रश्नांनी या पानांना आकार दिला. त्यांची मी ऋणी आहे.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे. चटणी चार दिवस टिकते. पाचव्या दिवशी वाटी रिकामी असते आणि आपण ती नव्यानं करतो. मागच्या वेळी तिखट झाली होती म्हणून एक मिरची कमी घालतो. आलं जास्त वाटलं, लिंबू कमी पडलं, घरातल्या धाकट्यानं दोनदा मागून घेतली, हे सगळं पुढच्या वाटणात उतरतं. वर्षभर टिकणाऱ्या बाटलीत पहिल्या चमच्यापासून शेवटच्या चमच्यापर्यंत एकच चव राहते. चार दिवसांची चटणी वर्षात नव्वद वेळा होते आणि नव्वद वेळा थोडी थोडी सुधारते. 'आमच्या घरची चव' म्हणतात ती अशीच घडत आलेली आहे.

तेव्हा पुस्तकाची सुरुवात अवघड जागी करू नका. आज कोथिंबिरीची जुडी आणली असेल तर पहिलं पान उघडा. काड्यांसकट धुवा, मूठभर डाळं घ्या, दोन मिरच्या, आल्याचा तुकडा, लिंबू, मीठ, चिमूटभर साखर. वाटून झालं की बरणीवर कागदाची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर फक्त आजचा वार लिहा.